बाही वर केली नाही

गयाक्का, तुला जाऊन दीड महिना झाला आणि मी अजून तुझ्यावर चिडलेलीच आहे. गेलेल्या माणसाविषयी चांगलं तेवढंच बोलावं असा रिवाज आहे. तो मला पाळता यायचा नाही. आणि तुला तरी जिवंतपणी कुणाविषयी नुसतं चांगलं बोलताना मी कुठं ऐकलंय? तेव्हा आता ऐकून घे.

पहिलं म्हणजे मी तुला 'तू' म्हणतेय. नियम तुझाच होता. कोठी भागातल्या आपल्या लसीच्या ऑफिसात चपराशापासून इन्स्पेक्टर साहेबांपर्यंत सगळे तुला 'ए गया' म्हणायचे. बाकीच्या बायकांना अम्मा, बाई, आणि तुला ए गया. का, ते तुलाही ठाऊक होतं आणि मलाही. मी नोकरीला लागले त्याच आठवड्यात तू मला जिन्याखाली गाठलंस. म्हणालीस, "शांते, चारचौघांत मला तुम्ही म्हणायचं. घरी काय वाटेल ते म्हण, शिव्या दे, पण ऑफिसात तुम्ही." मी म्हटलं, हौ. मग तीन वर्षं मी ऑफिसात तुम्ही म्हणत राहिले आणि फाटकाबाहेर पाय ठेवला की तू. आत्ता मी अंबरपेठेत आमच्या चुलीपाशी बसून लिहितेय. आई पलीकडे ज्वारी निवडतेय. हे घर आहे, म्हणून तू.

देवी काढायला गल्लोगल्ली हिंडायचं मला तूच शिकवलंस. टोचणाऱ्या बाप्यांना पडद्याच्या घरांत कोणी घेत नव्हतं, म्हणून सरकारनं आपल्यासारख्या बायका ठेवल्या. दंड धुवायचा, काचेच्या नळीतला लसीचा थेंब त्यावर ठेवायचा, टोचणी टेकवून पिळायची. एवढं कुणीही शिकतं. तू शिकवलंस ते पुढचं. आठव्या दिवशी परत त्याच दारात जायचं, लेकराची बाही वर करायची आणि दंडावर पाण्याचा फोड उठलाय का ते आपल्या डोळ्यांनी बघायचं. फोड उठला तर लस लागली. नाही उठला तर पुन्हा पहिल्यापासून. आया कंटाळायच्या. "उठलाय हो बाई, सकाळीच पाहिला," म्हणायच्या. तू ओट्याखालून हलायची नाहीस. "तुम्ही पाहिलात, मी नाही पाहिला. आणा लेकराला." मग लेकरू आणलं की मघाचा सगळा कडकपणा विसरून त्याच्याशी गुलुगुलु बोलत बसायचीस आणि पुढच्या चार घरांना उशीर व्हायचा. त्याचे बोल मात्र मी खायचे.

मलकपेठेतल्या त्या गल्लीचं तुला आठवत असेलच. इंदूबाईंचं घर. नवरा कचेरीत कारकून, आपल्या पूर्णेकडचा. घरात एकच पोर, कमळी, अडीच-तीन वर्षांची. तू गेलीस तेव्हा इंदूबाईंनी तुला ओट्याच्या खाली उभं केलं आणि कमळीला हातभर लांब धरून पुढं केलं. मी शेजारच्या दारात होते. तू पाठ फिरवलीस तशी त्या तांब्या घेऊन पोरीच्या अंगावर पाणी शिंपडू लागल्या. तू वळून अगदी साळसूदपणे म्हणालीस, "दंड सोडून शिंपडा हं. लस ओली व्हायला नको." आणि चालू लागलीस. मी हसू दाबत तुझ्यामागून आले. कोपऱ्यावर पाहिलं तर तुझा चेहरा हसण्यासारखा नव्हता. त्या वेळी तर कमळीला लस लागलीही नाही, ते मला पुढं तिच्या कोऱ्या दंडावरून कळलं. आठव्या दिवशी तुला पाहू द्यायच्या आत त्या घरानं तक्रार केली, दुसरी बाई पाठवा म्हणून. साहेबांनी अख्खी गल्ली तुझ्याकडून काढली आणि मला दिली.

म्हणजे ती गल्ली माझ्याकडे आली ती मी तुझ्यापेक्षा हुशार होते म्हणून नाही. माझे वडील कुणबी होते म्हणून. हे मी तेव्हा बोलले नाही. आता बोलून काय उपयोग आहे ते मला ठाऊक नाही, पण बोलते.

मग भाषांवरून राज्य तुटलं ते साल आलं. ऑफिसात दुसरा विषय नव्हता. कोण मुंबई राज्यात जाणार, कोण इथंच आंध्रात राहणार, कुणाचा अर्ज कुठल्या खिडकीवर. तुमच्या सगळ्या वस्तीनं त्याच दिवसांत बुद्धाची दीक्षा घेतली, घरातली देव्हाऱ्याची फळी काढून त्यावर तू रजिस्टरं ठेवायला लागलीस. साहेब तर अर्धे इथं, अर्धे तिथं. कागदपत्रांची वाटणी व्हायची होती. ते टेबलावर हात आपटून म्हणाले, "रजिस्टरां पूरे करको दो. शनिवार तक. एक बी खाना खाली नक्को." तू म्हणालीस, बघितल्याशिवाय मी रजिस्टरातला खाना भरणार नाही, रकाना रिकामा तर रिकामा जाऊ दे. ते म्हणाले, "ए गया, तेरा कायदा तेरे घर कू." मी खाली मान घालून बसले होते.

त्या आठवड्याची लस मेलेली होती. बर्फाची पेटी अख्खी दुपार व्हरांड्यात उन्हात पडून राहिली, कारण ती आत ठेवणारा माणूस अर्जाच्या रांगेत उभा होता. हे आपल्याला मागाहून कळलं. मी त्याच पेटीतल्या नळ्या घेऊन मलकपेठेत गेले आणि अकरा लेकरांना टोचून आले. त्यात कमळीही होती.

आठवा दिवस यायच्या आधीच, सातव्या दिवशी सकाळी, गल्लीत टांगा उभा. ट्रंका चढवल्या जात होत्या. इंदूबाईंच्या नवऱ्याला पूर्णेला नेमणूक मिळाली होती. त्या मला म्हणाल्या, बरं झालं आलात, कमळीची देवी काढल्याची चिठ्ठी देऊन टाका, नव्या गावात विचारलं तर जवळ असावी. कार्तिकातली सकाळ होती, पोरीच्या अंगात निळा स्वेटर होता. मी गुडघ्यावर पॅड टेकवून पिवळ्या चिठ्ठीवर लिहिलं: लस लागली. खाली सही केली. शनिवार दोन दिवसांवर आला होता. ऑफिसात येऊन उरलेल्या दहाही लेकरांच्या पुढं तेच लिहिलं.

सोमवारी तू माझ्या टेबलापाशी आलीस. चारचौघांत होतीस म्हणून मी उठून उभी राहिले. तू हळू आवाजात विचारलंस, "तुझ्या गल्लीत किती उठल्या?" मी म्हटलं, सगळ्या. तू माझ्याकडे पाहत राहिलीस. "शांते, माझ्याकडे एकही नाही उठली. त्याच पेटीतल्या नळ्या होत्या."

तू तेव्हा मला एक थोबाडीत मारायला पाहिजे होतीस. मारली नाहीस. दंडाला धरून मलकपेठेत घेऊन गेलीस. एकेका दारात मला उभं करून लेकरांच्या बाह्या वर करायला लावल्यास. दंड सगळे कोरे. एक तेलुगू आजी विचारायला लागली, "मळ्ळी एंदुकम्मा?", पुन्हा कशाला म्हणून, तेव्हा तूच पुढं होऊन सांगितलंस की लस उन्हानं खराब झाली होती, आमची चूक. आमची म्हणालीस. दहा लेकरांना नवी लस टोचली, आठव्या दिवशी दहाही फोड तू स्वतः पाहिलेस. अकराव्या घराला कुलूप होतं.

"पत्र लिही," तू म्हणालीस. "बाई, पोरीची लस लागली नव्हती, चिठ्ठी खोटी आहे, पुन्हा काढून घ्या. तीन ओळींचं काम." मी म्हटलं, गयाक्का, नवरा कचेरीतला आहे, तो कागद साहेबांच्या पुढं टाकेल, माझी नोकरी जाईल. घरात आई आणि धाकटा भाऊ, मी अशी नवरा मेलेली. तू म्हणालीस, "जाईल. लिही." मी म्हटलं लिहिते. चार दिवसांनी तू विचारलंस, टाकलंस का पत्र? मी म्हटलं, टाकलं.

टाकलं नव्हतं. तीन वेळा लिहायला बसले. तिसऱ्यांदा पाकिटावर पत्ताही घातला. मग मनाशी म्हटलं, तिथं काय टोचणारे नाहीत? कुणीतरी काढेलच. माझं काम मी त्या कुणावर तरी टाकून दिलं आणि झोपले. मला झोप लागायची, हे तुला सांगायची मला लाज वाटते.

फाल्गुनात तुझ्या भावाचं, किसनचं, पूर्णेहून पत्र आलं की गावात देवी आल्यात, स्टेशनाकडच्या बाजूला जास्त. तू ते घेऊन थेट आमच्या घरी आलीस. "त्या बाईंचं उत्तर आलं होतं का?" मी चुलीतलं लाकूड पुढं सारलं. आईच्या हातातलं सूप थांबलं. तू पुन्हा विचारलं नाहीस. ऑफिसातून बर्फाचा थर्मास आणि नळ्या घेतल्यास, रजेचा अर्ज माझ्याच हातात कोंबलास आणि त्याच दुपारी काचीगुड्याहून गाडीत बसलीस.

बारा दिवसांनी परत आलीस. चेहरा उतरलेला, डोळे आत गेलेले. मी फाटकापाशीच तुला धरलं. तू म्हणालीस, "भेटली. बरी आहे. तिथल्या टोचणाऱ्यानं काढल्या होत्या, मी दंड पाहिला." आणि माझा हात सोडवून आत गेलीस.

गयाक्का, मी त्या दिवशी घरी जाऊन पोटभर जेवले. आईनं विचारलं, आज काय विशेष? मी म्हटलं, काही नाही, भूक लागली. तू पाहिलं म्हणालीस म्हणजे पाहिलं. आभाळ पडलं तरी न बघता तू बघितलं म्हणणार नाहीस, एवढं तरी मी तुला ओळखत होते. त्यानंतर तू आमच्याकडे जेवायला यायचं बंद केलंस. मला वाटलं, पत्राचा राग आहे, उतरेल. तू माझ्याशी कामापुरतं बोलायचीस आणि मी ते माझ्या वाट्याचं म्हणून घेत होते, आतून मात्र हलकी होते, कारण पोर वाचली होती.

आषाढात तुला कावीळ झाली. सोळा दिवस. तुझे डोळे, नखं, सगळं हळदीसारखं पिवळं. मी रोज ऑफिस सुटल्यावर दवाखान्यात यायचे. शेवटी शेवटी तुला बोलवत नव्हतं, म्हणून मीच बोलायचे. एका संध्याकाळी तुझा हात धरून म्हटलं, गयाक्का, तू पूर्णेला जाऊन माझ्या जिवावरचं ओझं उतरवलंस, ते मी या जन्मात विसरणार नाही. तू हात काढून घेतलास आणि भिंतीकडे तोंड केलंस. मला वाटलं, दुखतंय. मी नर्सला बोलवायला गेले. दोन दिवसांनी तू गेलीस.

तुझं सामान न्यायला किसन आला तेव्हा मी ट्रंक भरायला मदत करत होते. बोलता बोलता मी म्हटलं, आक्का तुमच्या गावातल्या त्या कमळीला भेटून आल्या होत्या. तो थांबला. "आक्कानं तुमाला सांगितलं न्हाई? ते लेकरू गेलं की वो. आक्का आली तवा अंगभर फोड व्हते. आक्का चार दिस तिथंच बसली, त्याच्या उशाशी. त्या बाईला तर पोटुशी असल्यानं उभं राहवत नव्हतं. शेवटाला आक्काच्याच मांडीवर गेलं." मग त्यानं पुढचं सांगितलं. वैशाखात त्या बाईला मुलगा झाला. टोचणारा दोनदा येऊन गेला, बाई दारात उभं राहू देत नाही. आक्का फाल्गुनातच बोलली होती, बाळ झाल्यावर त्याच्या तरी काढून घ्या म्हणून. तेव्हा बाईनं आतून पिवळी चिठ्ठी आणून दाखवली. "हिच्या काढल्या होत्या की. लागल्या होत्या, हे बघा लिहिलंय. मग काय उपयोग झाला?" मी विचारलं, मग आक्का काय बोलली? किसन म्हणाला, "काय बी न्हाई. उठून आली."

म्हणून मी चिडलेय. तुला कळतंय का तू काय केलंस? आयुष्यात एकदाही न बघता खाना भरला नाहीस आणि माझ्यासाठी भरलास. तिथं, त्या दारात, तुझ्या तोंडात एक वाक्य होतं: बाई, चिठ्ठी खोटी आहे. ते बोलली असतीस तर ते बाळ जन्मलं त्याच महिन्यात त्याच्या देवी निघाल्या असत्या. मला वाचवायला तू गिळलंस ते. मी जेवले, झोपले, आणि तिकडं एक आई आपलं तान्हं घेऊन गावातल्या साथीत बसलीय, माझ्या सहीवर विश्वास ठेवून. तुला वाटलं असेल की मी आज ना उद्या आपणहून लिहीन. की वाटलं असेल की ही कधीच लिहिणार नाही आणि हिला खरं सांगूनही काही हलणार नाही? यातलं कुठलं, हे विचारायला तू नाहीस. मी तुझ्याशी ट्रंकेपाशी बसून भांडले. किसनला वाटलं, मी रडतेय.

आणि तरी, आक्का, तू त्या पोरीला मांडीवर घेतलं होतंस. तिच्या आईनं जिला हातभर लांब धरलं होतं तिला. ते काम माझं होतं आणि ते तू केलंस. याचं मी काय करू, तेही मला कळत नाही.

परवा मी पूर्णेला जाऊन आले. किसनच्या बायकोला, तुझ्या भावजयीला, सोबत घेतलं. इंदूबाई दारातच होत्या, कडेवर बाळ. मला ओळखलं. मी उभ्या उभ्या सांगितलं. लस उन्हानं मेली होती, मी दंड पाहिला नव्हता, चिठ्ठी मी खोटी लिहिली, नंतर कळलं तरी पत्र टाकलं नाही. कमळीच्या देवी लागल्याच नव्हत्या. लागल्या असत्या तर ती असती. मी हे कागदावरही लिहून नेलं होतं, सहीसकट. तो त्यांच्या पायरीवर ठेवला. नवरा तो साहेबांकडे पाठवील. अजून ऑफिसातून काही आलेलं नाही, पण येईल.

त्यांनी आधी कागदाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "तिच्या अंगात स्वेटर होता. मी तुम्हाला विचारलं होतं, बाही वर करू का. तुम्ही म्हणालात, राहू द्या, थंडी आहे."

हे मी तुलाही सांगितलं नव्हतं, गयाक्का. या कागदावरही वर लिहिताना गाळलं. त्यांनी विचारलं होतं. बाहीला हातही घातला होता.

मी म्हटलं, हो, विचारलं होतं.

त्यांनी बाळाला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. "याच्या काढून घेईन," म्हणाल्या. "पण तुमच्या हातून नाही. त्या बाई आल्या होत्या ना, माझ्या कमळीपाशी बसल्या होत्या, त्यांना पाठवा. त्यांना यायला किती दिवस लागतील?"

तुझ्या भावजयीनं पदर तोंडाला लावला. मग मलाच सांगावं लागलं की तू आषाढात गेलीस. इंदूबाई तिथंच उंबऱ्यावर बसल्या आणि रडायला लागल्या. तुझ्या भावजयीनं जवळ जाऊन बाळाला त्यांच्याकडून घेतलं. त्यांनी घेऊ दिलं.

दुसऱ्या दिवशी गावातला टोचणारा आला. तुझी भावजय बाळाला मांडीवर धरून बसली, इंदूबाईंनी त्याची बाही वर केली. मी रस्त्याच्या पलीकडे उभी राहून पाहिलं. मला आत ये कुणी म्हटलं नाही आणि मीही गेले नाही.